धावपट्टीपलीकडचं घर

"काका, विमान उतरतंय. तोवर फाटक उघडता येत नाही," पहारेकरी म्हणाला. मागं दामूअण्णांच्या मुलाच्या रिक्षात त्यांची सून रेवती बाळंतपणाच्या कळांनी कण्हत होती.

पूर्वी इथं नुसतं गवताळ माळरान होतं. महिन्याकाठी एखादं छोटं विमान उतरलं की अण्णाच गावाला कौतुकानं बघायला न्यायचे. मग धावपट्टी डांबरी झाली, लांबत गेली आणि एकेक शेजारी मोबदला घेऊन निघून गेला. अण्णा मात्र हटले नाहीत. आता घराच्या दोन्ही अंगांना उंच भिंत होती, मागं नदी, आणि बाहेरची एकच वाट या फाटकातून धावपट्टीचं टोक ओलांडून जात होती.

अण्णांनी हात जोडले. "विमानतळाच्या साहेबांना सांग, घर सोडलं मी. आजच सही करतो. पण फाटक उघड!"

"काका, त्यानं विमान थोडंच थांबतंय?" पहारेकरी धावपट्टीकडं बघत म्हणाला.

एक विमान उतरलं. त्याच्या मागं दुसरं आलं. त्याची घरघर विरली, तेव्हा रिक्षातून बाळाचं रडणं ऐकू आलं. अण्णांची बायको शेवंता नातीला पदरात गुंडाळत होती.

फाटक उघडलं. अण्णा रिक्षात बसले नाहीत. सुनेच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पोरी, दवाखान्यातनं थेट माहेरी जा. हिला घेऊन इकडं परत येऊ नकोस."

"आणि तुम्ही, मामा?"

"मी कुलूप लावून येतो."