ऐताळांचे टाळ

"गुरुजींनी मला हे टाळ दिले, तेव्हाच मी त्यांच्या जागेवर बसलो," सुधींद्र माईकवर म्हणाला. तेवढ्यात पहिल्या रांगेतले मंजय्या ऐताळ खुर्चीचा हात धरून उठले.

देवळाच्या सभागृहातल्या माना त्यांच्याकडे वळल्या. कुंदापूरकडच्या एका यक्षगान मंडळीचे ऐताळ चाळीस वर्षं भागवत, म्हणजे टाळ धरून गात सगळा खेळ चालवणारे मुख्य गायक होते. ते गायचे तेव्हा राक्षस नाचायचे, ते थांबले की थांबायचे. सात महिन्यांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. 'पाणी' म्हणायला तोंड उघडलं तरी नुसतं "ती, ती" बाहेर पडे. इस्पितळातून घरी आले तर भिंतीवरचे टाळ नाहीत. पुढं कळलं, सुधींद्र तेच टाळ घेऊन गातोय. पोटच्या पोरासारखा घरात ठेवून शिकवला, तोच चोर निघाला. आणि हे कुणाला सांगायला जिभेवर शब्द नव्हता.

गाता मात्र येत होतं. उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "मेंदूतली बोलण्याची वाट खचलीय. गाण्याची शाबूत आहे. त्या वाटेनं शब्द आणू." तेव्हापासून रोज सकाळी त्यांची बायको जलजाक्षी त्यांचा डावा हात धरून मांडीवर ठेका द्यायची, आणि ऐताळ दोन सुरांत गायचे, "पा-णी दे."

"जलजक्का, तुझा नवरा चहासुद्धा रागात मागतो की गं!" शेजारीण हसायची.

"मागतोय ना? मग रागात का होईना!"

आता सभागृहात ऐताळांनी डाव्या हातानं मांडीवर ठेका धरला आणि गायलं, "मी दि-ले ना-हीत. तू ने-लेस, चो-रून."

आवाज तोच, जुना, खणखणीत. लोकांच्या अंगावर काटा आला. सुधींद्र पांढराफटक पडला. खाली उतरला, पण ऐताळांकडे नाही, जलजाक्षीसमोर जाऊन उभा राहिला.

"अम्मा, तुम्हीच मला बोलावून दिलेत ना? गुरुजींनी खुणेनं सांगितलं म्हणालात. आता बोला की!"

जलजाक्षीनं मान वर केली नाही.

"मीच दिले," ती म्हणाली. "अहो, दिवाळी झाली की तुम्ही मंडळीबरोबर गावोगाव जायचात, ते पावसाच्या तोंडावर परत यायचात. दोन्ही बाळंतपणं मी एकटीनं काढली. टाळ डोळ्यांसमोर राहिले असते, तर बरे झाल्या झाल्या पुन्हा निघाला असतात. तुम्ही बरे व्हायला हवेच होतात. पण घरी."

सुधींद्रनं टाळ गुरूंच्या पायाशी ठेवले. ऐताळ वाकले, डाव्या हातानं ते उचलून त्याला परत दिले, आणि तोच हात त्याच्या डोक्यावर ठेवला. बायकोकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जलजाक्षीनं नेहमीसारखी चटई अंथरली. शेजारी बसून तिनं ठेक्यासाठी त्यांचा हात धरला.

ऐताळांनी तो काढून घेतला.

"नको."

ठेका नव्हता, सूर नव्हता. साधा, स्वच्छ बोललेला शब्द. याचसाठी जलजाक्षी इतके महिने झटत होती.