फटफटीचे नवे पट्टे

“मी नाही येत आज,” आतून आवाज आला.

चष्मेवाला फटफटी सुरू करून दारात उभा होता. त्याने इंजिन बंद केलं. आपण ऐकलं ते खरं की काय? लग्न झाल्यापासून बाजाराच्या दिवशी बायको मागे बसली नाही, असं कधी झालंच नव्हतं. सर्दीने नाक गळत असलं तरी बसायची.

“का गं? बरं नाही का?”

“छान आहे की! तुम्ही निघा, गिऱ्हाइकं खोळंबतील.”

आवाजात राग नव्हता. उलट ती काहीतरी गुणगुणत होती. हे तर त्याहून वाईट! त्याने कालचा दिवस मनातल्या मनात उलटापालटा करून पाहिला. भांडण नाही, तंटा नाही. काल तर त्याची स्वतःची स्वारी भलतीच खुशीत होती. चष्म्यांच्या दोन पिशव्या सीटच्या दोन्ही अंगांना लोंबायच्या, त्यांना त्याने दोरीच्या गाठींऐवजी नवे पट्टे बसवले होते, चांगले पितळी बकलांचे. अख्ख्या गल्लीला ते ओढून बघायला लावले होते. “आता पृथ्वी हलेल, पण पिशवी हलायची नाही!” बायकोनेही एक पट्टा ओढून पाहिला होता. “खरंच हो,” एवढंच म्हणाली होती.

निघाला बिचारा एकटाच.

पट्टे मात्र नावाजण्यासारखे. खड्डे आले, घाटाची वळणं आली, पिशव्या आपल्या जागी ढिम्म. चाकाला घासणं नाही की सायलेन्सरवर टेकणं नाही. “बघितलंस?” तो मान वळवून म्हणाला. मागे होतं कोण ऐकायला! पुढे गाद्यांनी भरलेला एक ट्रक चालला होता आणि सगळ्यात वरच्या गादीवर एक माणूस हातपाय पसरून घोरत होता. इतकी मजेची गोष्ट, आणि सांगायला कुणी नाही. धंदा बरा झाला, पण घास काही गोड लागेना. परतीचा रस्ता तोच, तरी संपता संपेना. सरळ सांगायचं तर त्याला करमलं नाही.

घरी आला तर बायको पाय पसरून पेपर वाचत होती. बाजारातून आल्यावर ती नेहमी पोटऱ्यांना बाम चोळत बसायची आणि हा नेहमी चिडवायचा, “नुसतं मागे बसून कुणाच्या पोटऱ्या दुखतात, राणीसाहेब?” आज बामची बाटली फळीवरच होती.

“आज नाही वाटतं दुखत?”

“कशाला दुखतील? आज पिशव्या कुठे धरल्या मी?”

“पिशव्या?”

“अहो, खड्डा आला की डावी सुटायला बघायची, वळणावर उजवी. मग मी दोन्हीकडून पोटऱ्यांनी दाबून धरायची. तुमच्या त्या गाठींवर राहिलो असतो तर झालंच होतं!” ती हसली. “म्हणून तर न्यायचात ना मला? आता पट्टे आलेत. माझं काय काम?”

आपल्या गाठींची चष्मेवाला गावभर फुशारकी मारायचा, ते राहू दे बाजूला. पण हिला वाटत होतं, तो हिला पिशव्यांसाठी नेतो! अगं, तुझ्या बडबडीशिवाय मला रस्ता सुचत नाही, एवढंच तर सांगायचं होतं. पण इतक्या वर्षांत असलं काही बोलायची सवय कुठे! तो नुसताच हातपाय धुवायला गेला.

पुढच्या बाजाराच्या सकाळी त्याने दोन्ही पट्टे आणखी एकेक भोक आवळले आणि मग हाक मारली.

“अगं, ऐकलंस का? हे पट्टे अगदी भिकार निघाले. डावी पिशवी पार लोंबतेय. तुला यावंच लागेल.”

ती हात पुसत बाहेर आली. तिने डावी पिशवी ओढून पाहिली. मग दोन्ही हातांनी ओढली. अख्खी फटफटी हलली, पिशवी हलली नाही. चष्मेवाला उगाचच आरसा पुसत राहिला.

तिने त्याच्याकडे पाहिलं.

“अगंबाई, अगदीच सैल झालीय की!” ती म्हणाली, आणि पाय मोकळे सोडून मागे बसली.