लाल रेघ

"अहो, काटा!" छातीत कळ येऊन मागच्या बिछान्यावर पडलेली बायको तशातही ओरडली. मी सवयीनं ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल केला.

निवृत्तीनंतर आम्ही जुन्या मिनीबसचंच घर केलं होतं. इंजिन म्हातारंय, अडीच हजार आरपीएमच्या वर नेलंत तर बसेल, असं मेकॅनिकनं बजावलं. हिनं लगेच मीटरवर नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली आणि दोन वर्षं मला ती ओलांडू दिली नाही.

हॉस्पिटल घाटापलीकडे, अजून बारा किलोमीटर. "बसलं तर बसू दे!" म्हणत मी पाय दाबला. इंजिन किंचाळलं. काटा रेघेच्या पार पुढे गेला.

मी तिच्या ओरडण्याची वाट पाहिली. दोन वळणं गेली, तीन गेली.

मग हळूच पाय उचलला. काटा रेघेखाली आला.