मामा बनवणारी डबी

“मामा बनवायचं? कोणाला?”

“गाडीच्या कॉम्प्युटरला,” मामा म्हणाले. गॅरेजच्या पाटीवरही ‘मामा’ एवढंच लिहिलेलं होतं, त्यामुळे हा वाक्प्रचार त्यांच्या तोंडून ऐकताना गाडी घेऊन आलेल्या त्यालाच अवघडल्यासारखं झालं. मामांना काही वाटलं नाही. त्यांच्या तळहातावर काड्यापेटीएवढी काळी डबी होती.

“ही तापमानाच्या सेन्सरच्या वायरमध्ये बसवायची. बाहेर कितीही ऊन असू दे, ही कॉम्प्युटरला सांगणार, बाबा रे, थंडी पडलीय मरणाची. तो बिचारा घाबरून पेट्रोल जास्त सोडणार. विषय संपला.”

गाडी त्याची आणि हौसही त्याचीच. नवा एअर फिल्टर भसाभसा हवा आत घेत होता, नवा सायलेन्सर ती धडाधड बाहेर टाकत होता आणि मधलं इंजिन उपाशी होतं. पेट्रोल अजून जुन्याच मापाने मिळत होतं. लाल दिव्यापाशी गाडी खोकायची, आचके द्यायची आणि दिवा हिरवा झाला की बंद पडायची. मग मागून बायको उतरायची. दोनदा तिला ऑफिसला उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर ती मैत्रिणीच्या स्कूटरवरून जाणार होती. कायमची.

हे त्याला सोसणारं नव्हतं. दिवसभरात दोघांना मिळायचा तो एवढाच वेळ. ती मागे बसून साहेबांच्या नकला करायची आणि तो हेल्मेटच्या आत एकटा खिदळायचा.

“मग जुना सायलेन्सर परत लावू?”

पोटचं पोर विकायला सांगितल्यासारखं त्याने मामांकडे पाहिलं.

“बरं, मग तिसरा रस्ता. गाडी रोलरवर चढवून जागच्या जागी पळवायची, लॅपटॉप जोडायचा आणि कॉम्प्युटरला खरं ते सांगून टाकायचं. फिल्टर बदललाय, सायलेन्सर बदललाय, आता पेट्रोलचं गणित नव्याने शीक. पण अख्खा दिवस जाईल, भाचेबुवा. डबी काय, चहा येईपर्यंत बसते.”

“आणि डबीवर गाडी पळते?”

“मस्त पळते. त्याला कळतच नाही ना.”

इथे त्याचा स्वाभिमान जागा झाला. आपल्याला कोणी मामा बनवू शकत नाही, अशी त्याची ख्याती होती. निदान त्याच्या स्वतःच्या मनात तरी होती. लग्नानंतर लगेचच त्याने ताडलं होतं, की स्वयंपाकघरातल्या घड्याळापेक्षा आपला मोबाइल मागे पडतो. त्याने मोबाइल कंपनीला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. तेव्हापासून तो फक्त भिंतीवरच्या घड्याळावर भरवसा ठेवायचा. रोज सकाळी त्या घड्याळात निघायची वेळ उलटून जायची, मग तो निवांत किल्ली शोधायला लागायचा, आणि तरीही बायकोला वेळेवर पोचवायचा. याला कसबी हात लागतो, असं त्याचं मत होतं. असल्या हाताला साजेशी गाडी हवी, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

“लॅपटॉप जोडा,” तो म्हणाला. “माझ्या गाडीत खोटेपणा चालणार नाही.”

संध्याकाळी त्याने हे बायकोला जेवता जेवता ऐकवलं. आवाज थोडा भाषणाचा लागला होता.

“या घरात कोणी कोणाला फसवायचं नाही. यंत्रालासुद्धा नाही.”

तिचा घास हातातच राहिला. “फसवून सगळं नीट चालत असेल तरी?”

“तरीही.”

“बघ हां.”

“बघायचं काय त्यात? तत्त्व म्हणजे तत्त्व.” एवढं बोलून तो गाडीचा आवाज ऐकायला खाली गेला.

सकाळी ती केव्हाची तयार होऊन दारात उभी होती. “निघायचं?”

“थांब गं. आता तर गाडी नीट झालीय माझी. बघ कशी पोचवतो.” नेहमीप्रमाणे घड्याळात वेळ उलटल्यावर त्याने किल्ली शोधायला घेतली.

गाडी अप्रतिम पळाली. खोकली नाही, की आचका दिला नाही. लाल दिव्यापाशी इंजिन मांजरासारखं गुरगुरत राहिलं. तो ताठ बसून कौतुकाची वाट बघत होता. मागून मात्र ना कौतुक आलं ना नक्कल.

ऑफिसच्या दारावरचं भलंमोठं घड्याळ बघून त्याने ब्रेक जरा जास्तच दाबला. उशीर झाला होता. आजवरचा सगळ्यात मोठा.

“शक्यच नाही! नेहमीच्या वेळेला निघालो. घड्याळात बघून!”

“नेहमी ते घड्याळ पुढे असायचं.” ती हेल्मेट काढत म्हणाली. “काल रात्री खऱ्या वेळेवर आणलं. तूच म्हणालास ना, घरात फसवाफसवी नको.”

आधी त्याला मोबाइल कंपनीतली ती मुलगी आठवली, जी फोनवर तीन-तीनदा माफी मागत होती. मग त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. साधाच हात होता.

“तू मला मामा बनवत होतीस?”

“लग्न झाल्यापासून. पण मस्त पळत होतास रे. तुला कळतच नव्हतं ना.”

पलीकडे तिच्या मैत्रिणीची स्कूटर उभी होती. आरशाला एक जादा हेल्मेट लटकत होतं.

“मग आता... तिसऱ्यांदा...?”

“आजचा उशीर धरत नाही. साहेब रजेवर आहेत. म्हटलं, तेवढ्यात तुझं तत्त्वही चालवून बघू.” तिने स्वतःचं हेल्मेट त्याच्या हातात दिलं आणि हुबेहूब साहेबांच्या घोगऱ्या आवाजात विचारलं, “बोला, उद्यापासून काय करणार आहात?”

तो स्वतःचं हेल्मेट उतरवून हसायला लागला. आज हेल्मेटच्या बाहेर, भर रस्त्यात.

“घड्याळ परत पुढे कर,” तो म्हणाला. “आणि हे बघ, किती पुढे केलंस ते मला सांगू नकोस.”