बाकी काय?

"तिसरा एआय प्लॅटफॉर्म घेऊ नका, काका," वसुधा म्हणाली. जहाजानं माल पाठवणाऱ्या घरतांच्या उरणच्या फॉरवर्डिंग ऑफिसात आता ती एकटीच कर्मचारी उरली होती. "महाग आहे, शिवाय वेळ घालवतो."

"कशात?"

"तिन्ही तुमच्याच आवाजात फोन करतात, भाव ठरवतात, जहाजावर जागा घेतात. हा मात्र काम झाल्यावर 'बाकी काय?' असंही विचारतो."

"मग हाच घे."

मुरगाव बंदरातले शिपिंग एजंट विलास केंकरे यांना घरतांचा रोज फोन असे. दोन मिनिटं काजूच्या कंटेनरची, मग 'बाकी काय?' म्हटलं की अर्धा तास गुडघे, बांगडे आणि कॅनडातली मुलगी. बायको गेल्यापासून घरतांचं दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं व्हायचं. गेल्या महिन्यात केंकऱ्यांनी प्लॅटफॉर्म घेतला आणि त्यांच्याकडे माणसानं फोन उचलणं बंद झालं.

नवा प्लॅटफॉर्म सुरू झाला, तसा वसुधानं स्पीकर लावला. घरतांच्या आवाजानं केंकऱ्यांच्या आवाजाशी भावावरून घासाघीस केली आणि शुक्रवारच्या जहाजावर जागा मिळवली. केंकऱ्यांचं मध्येच खाकरणंसुद्धा हुबेहूब होतं. घरत खुर्ची पुढे ओढून बसले.

"बाकी काय, विलासशेठ?" त्यांच्या आवाजानं विचारलं.

पलीकडचा आवाज खाकरला.

"तुमच्याकडे काहीच बाकी नाही, घरतशेठ. सगळं चुकतं झालंय."

"बरं, ठेवतो," असं म्हणून घरतांच्या आवाजानं फोन ठेवला.

घरतांना अजून ठेवायचा नव्हता.