कॅमेऱ्याची खोड

गोडादऱ्यात सोनाली घरातूनच साड्या विकायची. साडी ती नेसायची, फोटो नवरा काढायचा, आणि मेला कॅमेरा दरवेळी तिलाच अंधुक करायचा. वरच्या मजल्यावरची धनश्री तीच साडी नेसून त्याच कॅमेऱ्यापुढे उभी राहिली, तर पदरातल्या जरीची तार न् तार लख्ख! सोनालीच्या अंगाचा तिळपापड झाला. कॅमेरा उचलून ती तणतणत गुजराती दुरुस्तीवाल्याकडे गेली. आधी दोनदा त्याने नुसती फुंकर मारून परत दिला होता.

"बेन, कॅमेरा बराबर छे," तो याही वेळी म्हणाला. "काढणाऱ्याचा हात हलतो. फोटो काढताना श्वास रोखून धरायला सांगा."

घरी येऊन तिने कॅमेरा नवऱ्यापुढे आदळला.



"धनश्रीपुढे बरा आपोआप रोखला जातो तुमचा श्वास!"