नऊ पोती

बायको रेणुका गेल्याचा फोन आला तेव्हा अंगद खळ्यावर तिची वाट पाहत होता. सकाळी तिच्या छातीत कळ आली म्हणून भुजंग, त्याचा भाऊ, तिला जीपमधून तालुक्याला घेऊन गेला होता. निघताना ती म्हणाली होती, "दवाखाना करून येते. तोवर वारा पडू देऊ नका."

वारा पडला नाही. संध्याकाळपर्यंत चालूच होता.

विकायची ज्वारी मशीनमधून काढायचे. घरी खायची मात्र रेणुका हातानं उपणायची, टोपल्यातून वाऱ्यावर ओतून भुसा उडवायची. बाकीच्यांच्या खळ्यावर गडी उंच तीन पायांच्या तिवईवर उभा राहायचा आणि बाई खालून टोपलं द्यायची. इथं रेणुका वर आणि अंगद खाली. येणारे-जाणारे म्हणायचे, "अंगदराव, मालकीणबाईनं आज किती हजेरी ठरवली?" अंगद हसायचा. वारं तिला कळत होतं, त्याला कळत नव्हतं. त्यात लाजण्यासारखं त्याला काही वाटलं नाही.

ती गेल्यावर त्यानं सगळी रास भुशासकट पोत्यांत भरून ठेवली. नऊ पोती झाली. खायला तो बाजारातून ज्वारी आणू लागला. तिवईला त्यानं हात लावला नाही.

तीन महिन्यांनी, जूनच्या सुरुवातीला, दिवसकार्य करून गेलेली मुलगी पुन्हा आली. अपेक्षा तामिळनाडूत समुद्राकाठच्या गावी नोकरीला होती. सुट्टीच्या दिवशी ती तिथं काइटबोर्डिंग शिकली होती. पाय फळीवर, हातात दांडी, दांडीला लांब दोऱ्या आणि वर खोलीएवढा पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला पाण्यावरून ओढतो. घरामागं येलदरी धरणाचं पाणी होतं. तिथं चालवून दाखवीन, असं तिनं आईला फोनवर कबूल केलं होतं. ते राहून गेलं होतं.

आता तिला स्वतःचा पहिला पतंग घ्यायचा होता. शिकवणाऱ्या सरांनी वापरलेले दोन पतंग बरोबर दिले होते. एक बारा चौरस मीटरचा, एक आठचा. एक ठेवायचा, एक परत करायचा. रविवारी सकाळी पाण्यात उतरायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत जायचं, असं ठरलं होतं.

शनिवारी भुजंगनं दोन्ही पतंग अंगणात पसरून पाहिले.

"मोठा घे. वाढत्या अंगाचा बरा असतो."

"काका, मी सव्वीस वर्षांची हाय. आता कुठं वाढू?"

"मंग लग्नानंतर वाढशील की."

ती हसली, पण तिचा निर्णय होईना. सरांनी सांगितलं होतं, तुझं वजन तुला माहीत आहे, वारा तुझा तू बघ. जोराच्या वाऱ्यात मोठा घेतलास तर तो तुला उचलून काठावरच्या दगडांवर नेईल. हलक्या वाऱ्यात लहान घेतलास तर पाण्यात नुसती बसून राहशील. फोनमध्ये वाऱ्याचा आकडा दिसत होता, पण तो परभणीचा.

"अण्णा, इथं कसा असतो वारा या दिवसांत?"

अंगद उठला. आत गेला आणि एक पोतं खांद्यावर घेऊन बाहेर आला. मग तिवई आणली. पाण्याच्या बाजूला खळ्यावर ताडपत्री अंथरली आणि तिवई उभी केली. रेणुका जिथं उभी राहायची तिथंच. मग तो तिवईवर चढला. आयुष्यात पहिल्यांदा.

"दे टोपलं, माय."

अपेक्षानं टोपलं भरून दिलं. अंगदनं ते रेणुकासारखंच डोक्याच्या वर धरून हलवलं. भुसा गेला आणि त्याच्यामागं ज्वारीही गेली. ताडपत्री ओलांडून दाणे थेट बांधाच्या गवतात पडले. दुसऱ्या टोपल्याचंही तेच झालं.

भुजंग ओरडला, "दादा, कोंबड्यांना जेवायला बोलवायलास का?"

अंगद तिसरं टोपलं हातात धरून तसाच उभा राहिला. अपेक्षा खालून त्याच्याकडं पाहत होती.

"अण्णा, असा वारा असला की आई काय करायची?"

त्याला आठवायला वेळ लागला नाही.

"खाली उतरायची," तो म्हणाला. "तिवई मंद वाऱ्याची, म्हणायची. जोराच्या वाऱ्यात वर उभं राहून मोठेपणा करायचा न्हाई."

तो उतरला. जमिनीवर उभं राहून त्यानं टोपलं कमरेच्या उंचीवर धरलं आणि ओतलं. दाणे पायाशी पडले. भुसा पाण्याकडं उडून गेला.

अपेक्षा वळली. अंगणात जाऊन तिनं मोठ्या पतंगाची घडी घातली, तो पिशवीत भरला आणि पिशवीची चेन लावली.

रविवारी सकाळी वारा कालच्यासारखाच होता. अंगात जाकीट, डोक्यावर हेल्मेट घालून ती पाण्यात उतरली. मासे धरणाऱ्या माऊलीची होडी जवळ राहिली. चार वेळा ती पडली. पाचव्या वेळी उभी राहिली आणि त्या लहान पतंगामागं सरळ निघाली, माऊलीच्या जाळ्यांच्याही पुढं. भुजंग काठावरून धावत होता आणि भेटेल त्याला सांगत होता, "आमची हाय! आमची पोरगी हाय!"

काठावर गाव जमलं होतं. कुणीतरी अंगदला विचारलं, पोरीला वाऱ्याचं एवढं कसं काय कळतं.

अंगद ताठ उभा राहिला. "आईकडून आलंय," तो म्हणाला. मग त्यानं रेणुकाचं पूर्ण नाव सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

रात्री अपेक्षाला गाडीत बसवून तो घरी आला. कोपऱ्यात निवडलेली ज्वारी होती, भाकरीपुरती. तिच्यामागं आठ पोती अजून उपणायची राहिली होती.